अस्थिपुनर्जननाच्या विचाराचा इतिहास : प्रौढ मूलपेशींचे नाव आणि त्यांचा पुरावा

प्रस्तावना

मोडलेले हाड पुन्हा जुळते, हे मानवाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. कामठ्या बांधून, मोडलेला अवयव स्थिर ठेवून हाड सांधण्याची विद्या जवळजवळ प्रत्येक समाजात आढळते. शरीरातील इतर अनेक ऊतींपेक्षा हाडाचे वेगळेपण असे की, त्वचेची खोल जखम भरली तरी तेथे व्रण उरतो. हाड मात्र व्रणाने नव्हे, तर हाडानेच भरून येते. मात्र हे सामर्थ्य अमर्याद नाही. काही अस्थिभंग महिनोन्‌महिने जुळत नाहीत. जंतुसंसर्ग, अर्बुद किंवा अपघात यांमुळे हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला, तर ती पोकळी आपोआप भरून येत नाही. अशा वेळी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेतून तुकडे काढून ते तुटीच्या जागी बसविणे हा शल्यचिकित्सेतील प्रस्थापित उपाय आहे. परंतु असे मिळणारे हाड मर्यादित असते आणि जेथून ते काढले जाते तेथील वेदना रुग्णाला स्वतंत्रपणे सोसावी लागते.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही दशकांत प्रौढ मूलपेशी, म्हणजेच ॲडल्ट स्टेम सेल, हा शब्द आशेचा विषय ठरला. जन्मानंतरच्या शरीरात आढळणाऱ्या, स्वतःसारख्या पेशी पुन्हा निर्माण करू शकणाऱ्या आणि एकाहून अधिक प्रकारच्या विशिष्ट पेशींना जन्म देऊ शकणाऱ्या पेशींना ही संज्ञा लावली जाते. 'प्रौढ' हा शब्द येथे व्यक्तीच्या वयाचा नसून भ्रूणावस्था ओलांडलेल्या शरीराचा निदर्शक आहे.

प्रस्तुत लेखात हाडाच्या दुरुस्तीसाठी या पेशींचा वापर करण्याच्या विचाराचा इतिहास तपासला आहे. हा इतिहास बहुधा शोधांची चढती मालिका म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे : हाड नेमके कोण घडवते, आणि ते सिद्ध कसे करावयाचे? या प्रश्नातील दुसरा भाग, म्हणजे पुराव्याची कसोटी, जेव्हा काटेकोरपणे पाळली गेली तेव्हा ज्ञान पुढे गेले. आणि जेव्हा नाव पुराव्याच्या पुढे धावले तेव्हा संभ्रम वाढला, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

अस्थिआवरण की मज्जा? : दोन शतकांचा वाद

इ.स. १७३६ मध्ये लंडनमधील शल्यचिकित्सक जॉन बेल्शियर यांनी एक चमत्कारिक निरीक्षण नोंदविले. कापड रंगविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅडर या वनस्पतीचा अंश पोटात गेलेल्या डुकरांची हाडे तांबडी झाली होती. मॅडर ही आपल्याकडील मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पती. या निरीक्षणाचा पद्धतशीर उपयोग फ्रान्समधील आंरी-लुई द्युआमेल द्यु मोंसो यांनी केला. १७३९ ते १७४३ या काळात त्यांनी जनावरांना हा रंग आलटून पालटून दिला आणि बंद केला. रंग चालू असताना तयार झालेले हाड तांबडे, तर बंद असतानाचे पांढरे, असे थर त्यांना दिसून आले. हाडाभोवती, त्यावरील पातळ आवरणाखाली बसविलेली चांदीची तार काही काळाने नव्या हाडाखाली झाकली गेल्याचेही त्यांनी दाखविले. द्युआमेल हे मूळचे वनस्पती आणि शेती यांचे अभ्यासक. झाडाच्या सालीखालील वाढीच्या थराप्रमाणे हाडावरील हे आवरणच, म्हणजे पेरिऑस्टियम, हाड निर्माण करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हा निष्कर्ष अल्ब्रेश्ट फॉन हॅलर या ख्यातनाम शरीरक्रियाशास्त्रज्ञाने अमान्य केला. त्याच्या मते अस्थिआवरण हा केवळ रक्तवाहिन्यांना आधार देणारा पडदा होता आणि हाडाची निर्मिती रक्तवाहिन्यांवर अवलंबून होती. एकोणिसाव्या शतकात लियाँ येथील शल्यचिकित्सक लुई ऑलिए यांनी द्युआमेल यांची बाजू पुन्हा उचलून धरली. सशाच्या हाडावरील आवरण सोडवून ते शरीरात अन्यत्र रोपिले असता तेथेही हाड तयार होते, असे त्यांनी दाखविले आणि १८६७ मध्ये अस्थिपुनर्जननावरील आपला बृहद् ग्रंथ प्रसिद्ध केला. अवघ्या दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, गूजाँ या फ्रेंच संशोधकाने हाडाच्या पोकळीतील मज्जा रोपिली असताही हाड तयार होते, असे नमूद केले. याच दशकात, १८६४ मध्ये, कार्ल गेगेनबाउर यांनी हाड घडविणाऱ्या पेशींना 'ऑस्टिओब्लास्ट' म्हणजे अस्थिजनक पेशी हे नाव दिले होते. पुढे ग्लासगोचे विल्यम मॅक्यूएन यांनी १९१२ मधील आपल्या ग्रंथात अस्थिआवरणाचे श्रेय पुन्हा नाकारले. त्यांच्या मते ते आवरण हाडाची मर्यादा आखणारे होते. हाड घडविण्याचे काम हाडातील पेशींचेच होते. मॅक्यूएन हे केवळ सिद्धांत मांडणारे नव्हते. जंतुसंसर्गाने दंडाचे हाड गमावलेल्या एका मुलावर, इतर रुग्णांच्या शस्त्रक्रियेत निघालेले हाडाचे तुकडे रोपून त्यांनी ते हाड पुन्हा उभे केले होते आणि १८८१ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता.

या दीर्घ वादाकडे आज पाहिले असता असे दिसते की, दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा काही अंश होता. वाद मिटला नाही याचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हते. साधनांची उणीव हे होते. अस्थिआवरणाची पट्टी असो वा मज्जेचा कण असो, त्यात अनेक प्रकारच्या पेशी एकत्र असतात. हाड तयार झाले एवढे दिसत होते. पण ते रोपिलेल्या पेशींनी घडविले की यजमान शरीराने, आणि रोपिलेल्यांपैकी नेमक्या कोणत्या पेशीने, हे सांगण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता.

मॉस्कोमधील प्रयोग : कसोटीची निश्चिती

हा मार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुला झाला. १९६१ मध्ये टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक यांनी किरणोत्सर्गाने स्वतःची रक्तनिर्मिती गमावलेल्या उंदरांना मज्जेतील पेशी टोचल्या. या उंदरांच्या प्लीहेत पेशींच्या लहान गाठी उठल्या आणि त्यांची संख्या टोचलेल्या पेशींच्या संख्येच्या प्रमाणात होती. मज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात, ही कल्पना त्यामुळे मोजता येण्याजोगी झाली.

त्याच दशकात मॉस्कोच्या गमालेया संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन आणि त्यांचे सहकारी मज्जेचाच, परंतु वेगळ्या दिशेने, विचार करीत होते. २०२० नंतर स्पुटनिक व्ही या लशीमुळे ही संस्था भारतीय वाचकांना परिचित झाली. हाडाच्या इतिहासात मात्र तिचे स्थान त्यापूर्वी अर्धशतक निश्चित झाले होते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या गटाने मज्जेतील पेशी सूक्ष्म छिद्रांच्या बंद कुपीत भरून प्राण्याच्या उदरपोकळीत ठेवल्या. कुपीच्या पडद्यातून पोषक द्रव आत जाऊ शकत होता. यजमानाच्या पेशी जाऊ शकत नव्हत्या. तरीही कुपीत हाड तयार झाले. याचा अर्थ ते घडविणाऱ्या पेशी मज्जेतूनच आलेल्या होत्या.

पुढचा प्रयोग अधिक अर्थपूर्ण होता. मज्जा मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोपिली असता तेथे एक छोटे हाड तयार होई आणि त्याच्या पोकळीत रक्तनिर्मितीही सुरू होई. मात्र त्यातील हाड दात्याच्या पेशींचे, तर रक्त घडविणाऱ्या पेशी यजमानाच्या असत. मज्जेत दोन स्वतंत्र वंश नांदतात, एक रक्ताचा आणि दुसरा त्या रक्ताला घर बांधून देणाऱ्या आधार-ऊतीचा, हे त्यातून स्पष्ट झाले. १९७० मध्ये या गटाने गिनीपिगच्या मज्जेतील पेशी काचपात्रात वाढविल्या. बहुसंख्य पेशी द्रवात तरंगत राहिल्या. अगदी थोड्या पात्राच्या तळाला चिकटल्या आणि त्यांपासून लांबट पेशींच्या वसाहती वाढल्या. वसाहतींची संख्या पेरलेल्या पेशींच्या सरळ प्रमाणात होती, म्हणजे प्रत्येक वसाहत एकाच पेशीपासून उगवत होती. अशी वसाहत पुन्हा शरीरात रोपून तिच्यापासून हाड होते की नाही हे पाहता येऊ लागले आणि द्युआमेल-हॅलर वादात जे अशक्य होते ते प्रथमच शक्य झाले.

याच काळात अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दुसरा मार्ग दाखविला होता. खनिजे काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा स्नायूत ठेवला असता तेथील सामान्य पेशींकडूनच हाड घडविले जाते, असे त्यांना आढळले. हाडात दडलेल्या या प्रेरक द्रव्याला पुढे 'बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन' हे नाव मिळाले. फ्रीडेनश्टाइन यांनी या दोन्ही निरीक्षणांची सांगड घातली. मज्जेतील काही पेशी मुळातच हाड घडविण्यासाठी ठरलेल्या असतात, तर शरीरातील इतर काही पेशींना प्रेरणा मिळाल्यास त्या हाड घडवितात, असा भेद त्यांनी केला. आजच्या काळातही हा भेद अनेकदा विसरला जातो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

फ्रीडेनश्टाइन यांची कसोटी तीन पायऱ्यांची होती : पेशी एकटी असावी, तिची वसाहत वाढावी, आणि त्या वसाहतीने जिवंत शरीरात प्रत्यक्ष हाड घडवावे. यांपैकी तिसरी पायरी सर्वांत खर्चिक आणि वेळखाऊ. नेमकी तीच पुढे गाळली गेली.

नामांतर आणि त्याचे परिणाम

फ्रीडेनश्टाइन आणि ऑक्सफर्डच्या मॉरीन ओवेन यांनी १९८० च्या दशकात या पेशींसाठी 'अस्थिजनक मूलपेशी' आणि 'आधार-ऊतीच्या मूलपेशी' या अर्थाच्या संज्ञा वापरल्या. ही नावे स्थळाशी आणि कार्याशी बांधलेली होती. १९९१ मध्ये क्लीव्हलँड येथील अर्नोल्ड कॅप्लन यांनी 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केले. मेसेन्काइम ही भ्रूणातील ऊती. तिच्यापासून हाड, कूर्चा, स्नायू, मेद इत्यादी अनेक ऊती उत्पन्न होतात. प्रौढ मज्जेतही अशीच सर्वसमर्थ पेशी टिकून असते आणि तिला योग्य दिशेने वळविता येते, अशी त्यामागील धारणा होती. १९९९ मध्ये मार्क पिटेंगर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मानवी मज्जेतील अशा पेशींपासून काचपात्रात हाड, कूर्चा आणि मेद यांची लक्षणे दाखविणाऱ्या पेशी मिळविल्याचे जाहीर केले. मज्जेच्या एककेंद्रकी पेशींमध्ये त्यांचे प्रमाण ०.००१ ते ०.०१ टक्के इतके अल्प असल्याचेही त्यांनी नोंदविले.

हा निबंध महत्त्वाचा होता यात संशय नाही. परंतु त्याबरोबर कसोटीचे स्थान शरीरातून काचपात्रात सरकले. काचपात्रातील पेशींच्या थरावर कॅल्शियमचे कण जमले आणि रंगद्रव्याने ते तांबडे दिसले, की 'हाड झाले' असे मानण्याची सवय पडली. कॅल्शियम साचणे म्हणजे हाड नव्हे. हाडाला रचना असते, त्यात जिवंत पेशी बंदिस्त असतात, रक्तवाहिन्या असतात, आणि पोकळीत मज्जा असते. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय पेशीचिकित्सा संघटनेने या पेशींसाठी किमान निकष ठरविले : पात्राच्या तळाला चिकटणे, सीडी१०५, सीडी७३ व सीडी९० ही पृष्ठचिन्हे असणे आणि रक्तपेशींची चिन्हे नसणे, तसेच काचपात्रात हाड, कूर्चा व मेद या तीन दिशांनी रूपांतरित होणे. प्रयोगशाळांत एकवाक्यता यावी हा त्यामागील हेतू योग्यच होता, आणि संघटनेने 'मूलपेशी' हा शब्द सरसकट न वापरता 'आधार-ऊतीच्या पेशी' म्हणावे असेही सुचविले होते. परंतु हे निकष इतके सैल होते की, त्वचेतील सामान्य तंतुजनक पेशीही त्यांतील पृष्ठचिन्हे दाखवितात. त्यामुळे मेद, नाळ, दंतमज्जा अशा निरनिराळ्या ठिकाणांहून मिळविलेल्या, स्वभावाने भिन्न असलेल्या पेशी एकाच नावाखाली गोळा झाल्या.

जुनी कसोटी मात्र पूर्णपणे लोप पावली नव्हती. फ्रीडेनश्टाइन यांचे एक सहकारी सर्गेई कुझनेत्सोव्ह हे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पॅमेला रोबी यांच्या गटात काम करू लागले. १९९७ मध्ये त्यांनी मानवी मज्जेतील एकेका पेशीपासून वाढलेल्या वसाहती खनिजकणांवर बसवून प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांत रोपिल्या. सर्व वसाहती सारख्याच दिसत होत्या. तरी हाड घडविले ते निम्म्याहून थोड्या अधिक वसाहतींनी. पात्रात सारख्या दिसणाऱ्या पेशी शरीरात सारख्या वागत नाहीत, हा या प्रयोगाचा धडा होता.

कॅप्लन यांनी स्वतः २०१७ मध्ये, आपणच रूढ केलेले नाव बदलण्याची वेळ आली आहे, असे लिहिले. या पेशी शरीरात टोचल्यावर स्वतः ऊती बनण्यापेक्षा इतर पेशींना संदेश देणारी द्रव्ये स्रवतात, म्हणून त्यांना मूलपेशी म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने नाव दिले त्यानेच ते मागे घ्यावे, ही विज्ञानाच्या इतिहासातील विरळा आणि प्रामाणिक घटना होय. तोपर्यंत मात्र ते नाव प्रयोगशाळेबाहेर पडून जाहिरातीत पोहोचले होते.

रुग्णशय्येजवळचा पुरावा

रुग्णांवरील वापराचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील नेब्रास्का येथील जॉन कॉनली यांनी न जुळलेल्या अस्थिभंगात रुग्णाचीच मज्जा सुईने टोचण्याची पद्धत अवलंबिली. १९९१ मध्ये त्यांनी नडगीच्या हाडाच्या अशा २० प्रकरणांपैकी १८ जुळल्याचे प्रसिद्ध केले. ही पद्धत साधी आणि स्वस्त होती; परंतु काही रुग्णांत यश आणि काहींत अपयश का, याचे उत्तर तीत नव्हते.

ते उत्तर मोजणीतून आले. १९९७ मध्ये जॉर्ज मुश्लर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, एकाच ठिकाणाहून अधिक मज्जा ओढली, तर तीत रक्त मिसळत जाते आणि हाड घडविणाऱ्या पेशी विरळ होतात. म्हणून प्रत्येक ठिकाणाहून थोडीच मज्जा घ्यावी. २००५ मध्ये फ्रान्समधील क्रेतेई येथील फिलिप एर्निगू यांनी नडगीच्या न जुळलेल्या ६० अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कमरेच्या हाडातून घेतलेली मज्जा यंत्राने सांद्र केली आणि टोचण्यापूर्वी तीत किती वसाहतजनक पेशी आहेत हे फ्रीडेनश्टाइन यांच्याच पद्धतीने मोजले. सांद्र करण्यापूर्वी दर घनसेंटिमीटरला सरासरी ६१२ आणि नंतर २,५७९ अशी ही संख्या होती. ६० पैकी ५३ अस्थिभंग जुळले. जुळलेल्यांत टोचलेल्या मज्जेतील पेशींची संख्या घनसेंटिमीटरला १,५०० हून अधिक होती. न जुळलेल्या ७ मध्ये ती सरासरी केवळ ६३४ होती. मॉस्कोच्या प्रयोगशाळेतील वसाहतींची मोजणी येथे प्रथमच रुग्णाच्या पायाचे भवितव्य सांगू लागली. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा होती. परंतु मात्रा आणि परिणाम यांचा संबंध त्याने पुढे आणला.

मोठ्या तुटींसाठी केवळ पेशी पुरत नाहीत. त्यांना आधाराची चौकट लागते. २००१ मध्ये इटलीतील रोदोल्फो क्वार्तो, रानिएरी कान्चेद्दा आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णाच्या मज्जेतील पेशी वाढवून त्या सच्छिद्र हायड्रॉक्सिॲपटाइटच्या चौकटीवर बसविण्यात आल्या आणि हाडातील कित्येक सेंटिमीटरच्या तुटी भरून काढण्यात आल्या. २००७ मधील पाठपुराव्यात सहा-सात वर्षांनंतरही हे अवयव कार्यक्षम असल्याचे नमूद झाले. मात्र ती चौकट शरीरात विरघळून तिची जागा हाडाने पूर्णपणे घेतलेली नव्हती. युरोपातील अनेक केंद्रांत झालेल्या आणि एन्रिके गोमेझ-बारेना यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ रुग्णांना संवर्धित पेशी व खनिजकण यांचे मिश्रण देण्यात आले. एका वर्षाअखेर २६ जणांची हाडे जुळल्याचे आढळले. येथेही तुलनागट नव्हता. पेशी नसत्या, केवळ शस्त्रक्रिया, स्थिरीकरण आणि खनिजकण असते, तर किती हाडे जुळली असती, हा प्रश्न अशा अभ्यासांतून सुटत नाही.

एडविन हॉरविट्झ यांच्या १९९९ मधील अभ्यासाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. जन्मजात अस्थिभंगुरतेने पीडित तीन बालकांना त्यांनी दुसऱ्याची मज्जा दिली. बालकांची वाढ काही काळ सुधारली. परंतु दात्याच्या वंशाच्या अस्थिजनक पेशी केवळ दीड ते दोन टक्के आढळल्या. इतक्या अल्प पेशींनी हाड घडविले, की त्यांच्या स्रावाने शरीराच्या स्वतःच्या पेशींना चालना दिली? फ्रीडेनश्टाइन यांनी केलेला भेद येथे पुन्हा समोर येतो.

नाव, बाजार आणि नियमन

पुरावा असा सावकाश जमत असताना नावाचा प्रसार मात्र वेगाने झाला. इटलीत मज्जेतील पेशींचे चेतापेशींत रूपांतर करून असाध्य रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या 'स्तामिना' या संस्थेच्या उपचाराला लोकाग्रहापुढे नमून २०१३ मध्ये संसदेने चाचणीसाठी ३० लक्ष युरोंचा निधी मंजूर केला. या निर्णयाला विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांत रोमचे पावलो बियांको अग्रभागी होते. हाडाच्या मूलपेशींचे ते जगन्मान्य अभ्यासक होते. पुढे तज्ज्ञ समितीने ही पद्धत निराधार ठरविली आणि चाचणी झाली नाही. हाडाच्या पेशींचा अभ्यासक या लढ्यात उतरावा, हे केवळ योगायोगाने घडले नाही. या पेशी काय करू शकतात हे हाडाच्या बाबतीत सिद्ध झाले होते, म्हणूनच त्या काय करू शकत नाहीत हे सांगण्याचा अधिकारही त्याच अभ्यासकांकडे होता.

भारतातील नियमनाचा प्रवास या दृष्टीने बोधप्रद आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात 'मूलपेशी संशोधन आणि उपचार' असे शब्द होते. २०१३ मधील सुधारित आवृत्तीच्या शीर्षकातून 'उपचार' हा शब्द हेतुपुरस्सर वगळण्यात आला. २०१७ च्या आवृत्तीनेही, रक्तविकारांतील मान्य उपयोग सोडता, रुग्णांवरील मूलपेशींचा वापर संशोधनाधीन मानला. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी मूलपेशींपासून तयार केलेल्या उत्पादनांचा समावेश नवीन औषधांत केला. एक शब्द शीर्षकातून काढणे ही वरवर पाहता किरकोळ बाब वाटते. परंतु ज्या रुग्णाने शेतजमीन गहाण ठेवून किंवा कर्ज काढून उपचार घ्यावयाचा असतो, त्याच्यासाठी 'संशोधन' आणि 'उपचार' या शब्दांतील अंतर आयुष्याच्या पुंजीइतके मोठे असते. संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून त्या प्रयोगाचे मूल्य घ्यावयाचे नसते. उपचार घेणाऱ्याकडून ते घेतले जाते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारखी मूलभूत संशोधन करणारी संस्था आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून असलेली ऊतिपेढी यांमुळे या विषयाची दोन्ही टोके राज्यात उपलब्ध आहेत. ऊतिपेढीतील निर्जंतुक केलेल्या हाडात जिवंत पेशी नसतात. तरीही ते चौकट म्हणून उपयोगी पडते. पेशी आणि चौकट यांपैकी कोणत्या रुग्णाला कशाची गरज आहे, हे ठरविणे ही खरी वैद्यकीय विवेकाची बाब आहे.

पुन्हा अस्थिआवरणाकडे

गेल्या दोन दशकांतील मूलभूत संशोधनाने हा इतिहास अनपेक्षितपणे त्याच्या आरंभबिंदूकडे आणून सोडला आहे. २००७ मध्ये रोम येथील साक्केत्ती, बियांको आणि सहकाऱ्यांनी मानवी मज्जेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगतच्या पेशी रोपून हाड आणि रक्तनिर्मितीस अनुकूल पोकळी दोन्ही मिळविल्या. रक्तवाहिन्यांवर भर देणाऱ्या हॅलरचे मत त्याने ज्या अर्थाने मांडले त्या अर्थाने खरे ठरले नाही. तरी या पेशींचे वसतिस्थान रक्तवाहिन्यांलगत सापडावे, हा इतिहासाचा एक विलक्षण प्रतिध्वनी म्हणावा लागेल. २००९ मध्ये सेलीन कोल्नो यांनी उंदरांच्या मोडलेल्या हाडांत दाखविले की, भंगाच्या जागी तयार होणाऱ्या नव्या ऊतीत अस्थिआवरणातील पेशी हाड आणि कूर्चा दोन्ही घडवितात, तर मज्जेतील पेशी मुख्यतः हाडच घडवितात. २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅथ्यू ग्रीनब्लॅट यांच्या गटाने अस्थिआवरणातील स्वतंत्र मूलपेशी ओळखली. म्हणजे द्युआमेल आणि ऑलिए यांची बाजू निराधार नव्हती. अस्थिभंग जुळताना अस्थिआवरण सांभाळण्याबद्दल जुने शल्यचिकित्सक जो आग्रह धरीत, त्याला पेशींच्या पातळीवर आधार मिळाला.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथील चार्ल्स चॅन, मायकेल लाँगेकर आणि सहकाऱ्यांनी मानवी अस्थिमूलपेशी वेगळी करून दाखविली. तिच्यापासून हाड, कूर्चा आणि आधार-ऊती निर्माण होतात. मेद होत नाही. २००६ चे निकष अक्षरशः लावले, तर मेद घडवू न शकणारी ही पेशी कसोटीत अनुत्तीर्ण ठरेल आणि हाड कधीही न घडविणारी दुसरी एखादी पेशी उत्तीर्ण होऊ शकेल. नाव आणि वस्तू यांची फारकत याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. हाड घडविणाऱ्या पेशींचा शोध हा एकाच क्षणी लागलेला शोध नसून अठराव्या शतकापासून चालत आलेल्या एका प्रश्नाचे टप्प्याटप्प्याने मिळालेले उत्तर आहे. हे उत्तर एका पेशीचे नाही. मज्जा, रक्तवाहिनीची भिंत आणि अस्थिआवरण येथे वेगवेगळ्या पेशी वसतात.

२. फ्रीडेनश्टाइन यांचे मुख्य योगदान पेशी शोधण्यापेक्षा कसोटी घालून देण्यात आहे. एक पेशी, तिची वसाहत आणि जिवंत शरीरात प्रत्यक्ष हाड, ही कसोटी आजही पर्यायी नाही.

३. 'मेसेन्कायमल स्टेम सेल' या नावाने संशोधनाला गती दिली, परंतु काचपात्रातील लक्षणांना शरीरातील पुराव्याचा दर्जा देऊन संभ्रमही निर्माण केला. बाजाराने त्या संभ्रमाचा लाभ घेतला.

४. न जुळलेल्या अस्थिभंगांत मज्जेतील पेशींचा उपयोग आशादायक आहे. मात्र प्रकाशित पुराव्याचा मोठा भाग तुलनागटाविना आहे. पेशी मोजून देणे आणि तुलनागट ठेवून तपासणे, या दोन गोष्टींशिवाय या उपचाराला कमरेच्या हाडातून काढलेल्या तुकड्यांची जागा देता येणार नाही.

विज्ञानाचा इतिहास शिकविताना शोधकर्त्यांची नावे आणि सनावळी यांवर भर दिला जातो. प्रस्तुत इतिहास विद्यार्थ्यांपुढे ठेवताना त्याबरोबरच 'हे सिद्ध कसे झाले?' हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे. वर्गात विचारला गेलेला हाच प्रश्न उद्या एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाने चिकित्सकाला विचारला, तर हाडासाठी खर्च होणारा पैसा आणि त्याहून मोलाचा वेळ, दोन्ही वाचण्याची शक्यता आहे.